कुंकवातला घोडा

अमेरिकेतल्या मॉरिसव्हिलमध्ये जुन्या नाण्यांची पारख करणारी अहिल्या प्रत्येकाला दरडावायची, "सापडलेल्या नाण्याला काही लावू नका, किंमत उतरते." त्यामुळे अनीशनं इंग्लंडच्या शेतात मेटल डिटेक्टरनं शोधलेलं, प्राचीन केल्टिक टोळ्यांच्या काळातलं सोन्याचं नाणं कुंकू लागलेलं पाहून तिचं डोकंच फिरलं.

"अगं, घरात सोनं आलं म्हणून आईनं देवापुढे ठेवून पूजा केली," तो ओशाळून म्हणाला.

धुसफुसतच तिनं भिंग धरलं. झिजून जवळजवळ सपाट झालेल्या सोन्यावर, पुसट खाचांत बसलेल्या कुंकवाच्या बारीक लाल रेघांत, एक घोडा स्पष्ट उमटला होता. त्याच्यावरूनच नाणं कोणत्या टोळीचं ते कळलं आणि किंमतही ठरली.

नाणं परत देताना अहिल्या म्हणाली, "काकूंना माझा नमस्कार सांग. आणि पुन्हा काही सापडलं, तर आधी त्यांच्या देवापुढे ठेव, मग इकडे आण."