आतून आलेली करंजी

आमच्याकडे मोदकांच्या प्रत्येक घाण्याला एक करंजी लागते. मोदक भाऊ, करंजी त्याची बहीण. बहिणीशिवाय भावाला एकटं उकडायला ठेवायचं नाही, असं आई म्हणे. दिवेआगरला आमची घरगुती खाणावळ, सुपारीच्या वाडीत पत्र्याखाली मांडलेली चार टेबलं. मोदक पर्यटकांचे, करंजी घरची. ती गिऱ्हाइकाच्या पानात कधी जात नसे. आम्ही दोघी बहिणी ती अर्धी अर्धी खायचो, म्हणजे मोठी अर्धी मी खायचे.

ताई माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. संधिवाताने आईची बोटं आखडली तेव्हा ताई दहावीत होती. तिने पुस्तकं गुंडाळून ठेवली आणि उकड मळायला बसली. मला मात्र तिने चुलीजवळ फारसं येऊ दिलं नाही. "तू शीक गो, दोघींनी कशाला धुरात मरायचं," म्हणायची. मी बारावीपर्यंत शिकले आणि मोदक काही शेवटपर्यंत शिकले नाही. माझ्या मोदकांना बाबा 'बटाटे' म्हणत.

ताईला सव्विसावं लागलं तेव्हा बोर्लीहून स्थळ आलं. मुलगा पेणला नोकरीला, शनिवारीच मोकळा. शनिवार म्हणजे आमचा गर्दीचा दिवस, त्यात पुण्याच्या एका ग्रुपची चाळीस पानांची ऑर्डर आलेली. दुसऱ्या कुठल्याही घरात ऑर्डर नाकारली असती. बाबा म्हणाले, "पाव्हणे पण जेवायलाच येणार ना? जेवणं होऊ देत, मग पोरगी दाखवू." जिला बघायला माणसं येणार, तीच आत बसून त्यांचा आणि आणखी चाळीस जणांचा स्वयंपाक करत होती. असला मूर्खपणा खाणावळवाल्यांनाच सुचतो.

वाढायला मी. विसावं लागलेली, नवा ड्रेस घातलेली आणि उगाच हसणारी.

ताईने स्वयंपाकघराच्या पडद्याआडून त्याला पाहिलं. तो पानात काही टाकत नव्हता, भाताचं शीतसुद्धा. मोदकांचं ताट घ्यायला मी आत गेले, तर तिने एका वाटीत करंजी ठेवून माझ्या हातात दिली. तिचे कान लाल झाले होते. "त्यांना वाढ," ती म्हणाली. "सांग, ताईनं दिलीय." आयुष्यात तिने स्वतःसाठी काही मागितलेलं मला तरी एवढंच आठवतं.

मी करंजी वाढली. त्याने वर बघितलं, हसला, म्हणाला, "ही सगळ्यांना नाही वाटतं?"

"नाही, तुम्हालाच," मी म्हणाले, आणि तिथेच थांबले. सांगायला विसरले, असं मी कितीतरी वर्षं स्वतःला समजावत आले. विसरले नव्हते. मला तो आवडला होता.

जेवणानंतर ताईला दाखवली. साडी घाईत नेसलेली, चेहरा वाफेने सुजल्यासारखा, बोटांवर फोड. दहा मिनिटांत सगळं आटोपलं. चार दिवसांनी निरोप आला, धाकटी देणार असाल तर पुढे बोलू.

आई रडली. बाबा म्हणाले, "मोठी गेली तर खाणावळ चालायची न्हाय, ह्ये पण खरं हाय." बोलताना त्यांचा आवाज सुटका झाल्यासारखा वाटला, आणि त्यासाठी मी त्यांना अजून माफ केलेलं नाही. स्वतःला तरी कुठे केलंय? मी मूग गिळून बसले होते. बोलली ती ताईच.

"तिलाच द्या. तिला मोदक येत न्हाईत, ती इथं राहून काय करील?"

सगळे हसले. मीही हसले. माझ्या लग्नाचं जेवणही तिनेच रांधलं.

पुढे आईबाबा गेले. वादळात वाडी आडवी झाली, पत्रे उडाले. मी म्हटलं, "आमच्याकडे चल." ती म्हणाली, "बुकिंग हाय." बुकिंग कसलं, त्या वर्षी रस्त्यावर कुत्रं फिरकत नव्हतं. तिने ताडपत्री बांधून पुन्हा चूल पेटवली. तिच्या लग्नाचं कोणी परत काढलं नाही. मीही नाही.

गेल्या मे महिन्यात आम्ही तिघं तिच्याकडे गेलो होतो. जेवताना माझ्या लेकीने बापाला विचारलं, "बाबा, तुम्ही आईला पसंत का केलंत?" हा विषय कधीतरी ताईसमोर निघेल, याची धास्ती मी इतकी वर्षं बाळगून होते. खाई त्याला खवखवे. नवरा मात्र खुशीत आला.

"तुझ्या आईने मला गुपचूप करंजी वाढली. सगळ्या पंगतीत मला एकट्याला. तेव्हाच ठरवलं, हीच."

ताई तुपाचं भांडं घेऊन त्याच्या पानाशी वाकली होती. तिचा हात थांबला. मी मान वर केली नाही.

"करंजी आमच्यात घरच्यालाच असते," ती म्हणाली. "तवाच घरचे झालात तुम्ही." आणि तिने त्याच्या मोदकावर तूप सोडलं, नेहमीसारखं सढळ हाताने.

जेवणं उरकल्यावर मी आत गेले. ती पाटावर बसून निवगऱ्या खात होती. उरलेल्या उकडीत मिरची-मीठ घालून थापतात त्या; मोदक करणारीच्या वाट्याला बहुतेक त्याच येतात.

"ताई, त्या दिवशी मी तुझं नाव सांगितलं नव्हतं."

"ठाऊक हाय. पडद्याआडच होते मी."

म्हणजे तिला तेव्हाच कळलं होतं. ते कळल्यावर ती साडी नेसून त्या माणसांसमोर बसली होती. ते कळूनच "तिलाच द्या" म्हणाली होती. मला रडू कोसळलं.

"मग बोलली का नाहीस गो?"

"बोलून?" तिने विचारलं, अगदी साधेपणाने, जणू मला उत्तर माहीत असेल. मग ताटातली करंजी उचलून मोडली आणि एक तुकडा माझ्यापुढे धरला. मोठी अर्धी तिने मलाच दिली होती.