चांदरीचं ताट

याडी घासलेलं ताट हातात घ्यायची, उन्हाकडं वळवून धरायची आणि ज्यानं घासलं त्यालाच विचारायची, "दिसतंय का तोंड?" दिसतंय म्हटलं की ताट मांडणीवर जायचं. नाही म्हटलं की हातावर पुन्हा चिमूटभर राख पडायची. मग तो सरपंच असो, शाळेतले गुरुजी असोत की कीर्तनकार महाराजांचा पेटीवाला. आमच्या गावातल्या पुष्कळ पुरुषांनी आयुष्यातलं पहिलं भांडं याडीच्या देखरेखीखाली घासलं. मीही त्यांतलाच.

मी मात्र ताटात न बघताच "दिसतंय" म्हणायचो. अकरा वर्षं म्हणालो. असं का, ते घरातल्या माणसांनाही मी कधी सांगितलं नव्हतं. आता सांगायला हरकत नाही.

याडी म्हणजे बंजारा तांड्याच्या बोलीत आई. ती तिच्या लेकरांची याडी होती, मग तांड्याची झाली आणि शेवटी ओढ्याच्या अलीकडच्या आमच्या सगळ्या गावाची. तिचं खरं नाव मतदार यादीत असेल. उंच, काटक, हातभर पांढऱ्या बांगड्या, ओढणीला आरसे. तिचे पूर्वज बैलांच्या पाठीवर धान्य लादून मुलूख पालथा घालायचे, आणि ती दोन एकर हळद लावायची. हसायला लागली की बांगड्याही वाजायच्या, त्यामुळं ती कुठं हसतेय हे लांबूनच कळायचं.

चैत्रात हनुमान जयंतीला धरून आमच्या मारुतीपुढं सप्ताह बसतो. सात दिवस पारायण, कीर्तन, पंगती. शेवटच्या दिवशी काल्याचं कीर्तन झालं की आसपासची सगळी गावं जेवायला येतात. तेव्हा पंगत थर्माकोलच्या ताटांवर बसायची. वरणासाठी प्लास्टिकची वाटी, पाण्याला प्लास्टिकचा गिलास. जेवण झालं की सगळं माझ्या ट्रॉलीत. ट्रॅक्टर माझा, म्हणून कमिटीत मी 'स्वच्छता प्रमुख'. पत्रिकेत तसं छापून यायचं.

कचरा पुरायला कमिटीनं गायरानात खड्डा घेतला होता. ओढा ओलांडून पुढं अर्धा कोस. त्या वर्षी काल्याच्या दुपारी ऊन मी म्हणत होतं. पोटात बुंदी, डोळ्यांवर झापड. तांड्याखालच्या कोरड्या ओढ्यात आलो, इकडंतिकडं पाहिलं, ट्रॉली उचलली आणि सगळं तिथंच ओतून घरी येऊन झोपलो. छान झोप लागली, हे आता सांगायला लाज वाटते.

त्यानंतर नवव्या दिवशी याडीची गाय मेली. काळी, कपाळावर पांढरा चांद, म्हणून चांदरी. चार दिवस फुगून पडली होती. जनावरांच्या डॉक्टरांनी पोट उघडलं तेव्हा वरणाचा वास लागलेल्या वाट्या, गिलास, थर्माकोलचे तुकडे, सगळं तिच्या पोटात निघालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी कमिटी पारावर बसली होती. याडी खांद्यावर पोतं घेऊन आली. ते सगळं तिनं धुऊन, वाळवून आणलं होतं. मारुतीला हात जोडले आणि पोतं आमच्यापुढं पालथं केलं.

"हे तुमचं सामान," ती म्हणाली. "माझ्या चांदरीच्या पोटात राहिलं होतं. परत द्याया आले."

सप्ताहाचे अध्यक्ष आबा. फेटा उतरवला तरी दरारा उतरायचा नाही असा माणूस. त्यांनी माझ्याकडं पाहिलं. "काय रे? खड्ड्यात टाकलं होतं ना?"

"टाकलं होतं आबा," मी म्हणालो. "पण त्या दिवशी वारं लई होतं."

एवढंच. बाकीच्यांनी लगेच माना डोलावल्या. हो हो, वारं होतंच, मंडपाचा पडदासुद्धा फाटला. मग वारंच खरं झालं. याडीनं माझ्याकडं एकदा पाहिलं आणि पोतं झटकून घडी घातली.

आबा सज्जन होते. म्हणाले, "याडी, गायीचं आमी बघू. दुसरी घेऊन देऊ."

"गाय नको. पंगत बदला."

"मग लोकायनं जेवावं कशात? हातावर? पळसाच्या पत्रावळ्या लावू म्हण."

"एवढ्या माणसायला पानं तोडली तं पळस उभा राहील का, आबा? आधीच चार झाडं हायेत." आणि मग ती हसली. गाय मेलेली बाई हसतेय हे पाहून आम्ही दचकलो. "तुमच्या माळ्यावर काय हाय, ते सांगा आधी."

आबांच्या माळ्यावर काय होतं ते सगळ्या गावाला माहीत होतं. प्रत्येकाच्या माळ्यावर तेच होतं. लग्नात आहेर म्हणून आलेली ताटं. स्टीलची, काही पितळेची, कडेला देणाऱ्याचं नाव कोरलेली, कोणाच्या तरी लग्नात पुढं सरकवायची म्हणून पोत्यात बांधून ठेवलेली.

"लग्नापासून उपाशी हायेत ती," याडी म्हणाली. "त्यायला जेवाया आणा."

कुणीतरी मागून पुटपुटलं, आता तांड्यावरच्या बाईनं आमाला पंगत शिकवायची का. याडीला ऐकू गेलं. "मी शिकवून नाही राहिले, दादा. मी तुझ्या घरी ताटं मागाया येऊन राहिले. उद्या सकाळी येते. बायकोला सांगून ठेव." आणि सकाळी खरंच गेली. त्याच्या बायकोनं एकवीस ताटं काढून दिली, वर म्हणाली, माळा मोकळा झाला बाई एकदाचा.

त्या ताटांसाठी ट्रॉली लागणार होती. ट्रॉली माझी. याडी माझ्या दारात येऊन म्हणाली, "बापू, चल. वारं नाही आज." मला वाटलं, ऊन फार आहे असं म्हणतेय. आठ दिवस तिच्याबरोबर दारोदार फिरलो. ती ट्रॉलीत ताटांच्या राशीवर बसायची आणि खड्डा आला की ताटांसकट वाजायची.

पुढच्या चैत्रात त्या ताटांवर पहिली पंगत बसली आणि अर्धा तास कोणी जेवलंच नाही. लोक नावं वाचत बसले. "हे तं माझ्या मामानं दिलेलं!" "हे बघ, आमच्या बाबांचं नाव!" आबांच्या पुढ्यात त्यांच्या धाकट्या बहिणीच्या लग्नातलं ताट आलं होतं. देणाऱ्याचं नाव त्यांच्या वडिलांचं. बहीण जाऊन बरीच वर्षं झाली होती. आबांनी कडेवरच्या त्या नावावरून बोट फिरवलं, मग ते वरणानं झाकलं जाऊ नये म्हणून भात सगळा मधोमध घेतला. वाढपी ओरडत होते, "अहो, जेवा, वरण गार होऊन राहिलंय!" ऐकतंय कोण.

मग लोक नवी ताटंही देऊ लागले, गेलेल्या माणसांच्या नावानं. औंढ्याला देवळाबाहेरच्या भांड्यांच्या दुकानात नाव घालून मिळतं. तिथल्या कारागिराला 'कै.' लावायची इतकी सवय झाली की एका जावयानं सासूच्या पंचाहत्तरीनिमित्त दिलेल्या ताटावरही त्यानं 'कै.' कोरलं. ताट नेमकं त्या सासूबाईंच्याच पुढं आलं. जावयाचा चेहरा पांढराफटक. सासूबाईंनी चष्मा वर करून वाचलं, जावयाकडं बघितलं आणि म्हणाल्या, "घाई काहून करता, जावईबापू? बुंदी तरी खाऊ द्या." याडी त्या दिवशी इतकी हसली की तिला मारुतीच्या पायरीवर बसवून पाणी द्यावं लागलं. सासूबाई अजून आहेत. दर वर्षी तेच ताट मागून घेतात.

याडीचा दुसरा नियम घासण्याचा. ज्यानं खाल्लं त्यानं घासायचं. महाप्रसादाच्या चुलीची राख, तीच घासायला. "जिथं शिजलं तिथलीच राख. बाजारातून काय आणायचं न्हाई." घासणीचं पाणी चारी काढून देवळामागच्या कडुनिंबांना आणि केळींना. चैत्रात सगळं शिवार पिवळं पडलेलं असतं, तेव्हा मारुतीच्या पाठीमागं तेवढी सावली हिरवी. घासणीवर तांड्यातल्या बाया गाणी म्हणायच्या, आणि बायका आपापल्या नवऱ्यांना बघायला मुद्दाम उभ्या राहायच्या. "घरी पाण्याचा तांब्या उचलत न्हाईत, आन हितं बघा कसे गोल गोल हात फिरवून राहिलेत!" एकदा महाराजांनी लटक्या रागानं तक्रार केली, "याडी, माझ्या कीर्तनापेक्षा तुझ्या घासणीला गर्दी."

"महाराज, तुमी मन घासता, आमी ताट घासतो," याडी म्हणाली. "ताटाचं लवकर कळतं, बस."

पुढं साखरा गावाकडचे लोक आले. आमच्याकडं सप्ताह आहे, ताटं उसनी द्या म्हणाले. याडीनं दिली नाहीत. "काहून? तुमच्या गावात लग्नं झाली न्हाईत का?" ते हसत परत गेले आणि महिन्याभरात त्यांची स्वतःची मांडणी उभी राहिली.

दुसऱ्या वर्षी याडीनं स्वतः एक ताट आणलं. पितळी, जाड काठाचं. त्यावर एकच शब्द: चांदरी. वरच्या आळीतले काहीजण कुरकुरले, माणसांच्या ताटांत गायीचं ताट कशाला. आबांनी त्यांना गप्प केलं. त्या दिवशी मी पंगतीला बसलो तर याडीनं ते ताट आणून माझ्यापुढं ठेवलं. "हे तुझं," म्हणाली. मी मनाची समजूत घातली, योगायोग असेल. पुढच्या वर्षी पुन्हा तेच. त्याच्या पुढच्या वर्षीही. मी जेवायचो, खाली मान घालून घासायचो, ती ताट उन्हात धरून विचारायची, "दिसतंय का तोंड?" आणि मी केळींकडं बघत म्हणायचो, "दिसतंय."

सांगायचं दर वर्षी ठरवायचो. सप्ताहाच्या पहिल्या दिवशी ठरवायचो आणि काल्यापर्यंत पुढं ढकलायचो. एकदा तर तिच्या दारापर्यंत गेलो आणि हळदीला पाणी केव्हा दिलं ते विचारून परत आलो. लोक मला मानत होते. आसपासच्या गावांत भाषणं द्यायला बोलवत होते, 'बिनकचऱ्याचा सप्ताह करणारे' म्हणून. एका ठिकाणी शालही दिली. ती शाल मी आजवर अंगावर घेतलेली नाही.

परवाच्या नव्हे, त्याआधीच्या चैत्रात याडीच्या डोळ्यांत बरंचसं धुकं उतरलं होतं. घासणीपाशी खाट टाकून तिला बसवलं होतं. ताटं ती बोटांनी तपासायची, पण उन्हात धरून उपयोग नव्हता. सगळे उठून गेले, मी शेवटचा राहिलो. चांदरीचं ताट घासून तिच्या हातात दिलं. तिनं ते सवयीनं उन्हाकडं वळवलं, मग खाली घेतलं.

"मला तं आता काय दिसत न्हाई, बापू. तूच बघून सांग. तुझ्या शब्दावर ठेवते. दिसतंय का तोंड?"

तुझ्या शब्दावर. मी तिच्या खाटेपाशी खाली बसलो. "याडी, त्या वर्षी वारं नव्हतं," मी म्हणालो. "मी खड्ड्यापर्यंत गेलोच नाही. ओढ्यात ओतलं. मी ओतलं."

तिची बोटं ताटाच्या काठावरून फिरत राहिली.

"ठाव हाय," ती म्हणाली. "चांदरी गेली त्याच दिवशी मी ओढ्यात गेले होते. वाऱ्याला कधी टायर असतेत का रे?"

"मग बोलली काहून न्हाईस?"

"बोलले असते तं तू तोंड लपवून बसला असता. आन मला ट्रॉली पाह्यजे होती." बांगड्या वाजायला लागल्या. "भांडले असते तं एक दिवस भांडले असते. घासून घेतलं तं बघ, अकरा वर्सं घासून राहिलास. चांदरीचं ताट तूच घासावं, एवढंच होतं माझ्या मनात."

मला हसू येत होतं आणि डोळ्यांतून पाणीही. तिनं चाचपडत माझ्या डोक्यावर हात ठेवला.

"पण दर साली वाटायचं, आज बोलंल हा. लई वाट पाहाया लावलीस, बापू."

त्या दिवाळीनंतर याडी गेली. हळद काढायच्या आधी, सकाळी, अंगणात उन्हाला बसल्याबसल्या. तांड्यावर सगळं गाव गेलं होतं.

या चैत्रात काल्याच्या पंगतीआधी मी माईक मागून घेतला. "चांदरी वाऱ्यानं मेली नाही. मी मारली," असं म्हणालो आणि झालेलं सगळं सांगितलं. आबा आता खूप थकलेत. ते आपल्या बहिणीच्या ताटावर बसले होते, तिथूनच म्हणाले, "बस आता. जेव. आन घास नीट." मागं कोणीतरी हसलं, मग बरेच हसले. माझ्या पाठीवर पडलेला पहिला हात त्याच माणसाचा होता, ज्याच्या बायकोनं एकवीस ताटं दिली होती.

माझ्यापुढं याडीची सून दोन ताटं घेऊन आली. एक चांदरीचं. दुसरं कोरं करकरीत, त्यावर 'याडी', फक्त तेवढंच. एकात भात घेतला, दुसऱ्यात बुंदी. दोन्ही घासायला बसलो. सून पदर खोचून उभी राहिली. याडीचं ताट तिनं उन्हात धरलं आणि अगदी सासूच्या सुरात विचारलं, "दिसतंय का तोंड?"

मी पहिल्यांदाच नीट बघितलं. पिकलेल्या मिशा, घामेजलेलं कपाळ, मागं कडुनिंबाची फांदी.

"कडेला अजून डाग हाय," मी म्हणालो, आणि राखेसाठी हात पुढं केला.