सौम्य धक्का

वसमत तालुक्यात जमिनीखालून आवाज येतात. ढग गडगडल्यासारखा आवाज पायाखालून जातो, मांडणीवरची भांडी वाजतात, लोक रस्त्यावर येतात आणि थोड्या वेळाने घरात जातात. मी हिंगोलीहून बातमी पाठवतो. मी ‘भूकंपाचा सौम्य धक्का’ लिहितो. छापून येताना मथळ्यात ‘गूढ आवाज’ असतो. यात गूढ काही नाही, हे डेस्कला सांगून पाहिले. सौम्य कोण वाचणार, असे उत्तर आले.

माझी थोरली बहीण कुरुंद्याच्या पुढे एका खेड्यात असते. गेल्या धक्क्यात तिच्या घराच्या मागच्या भिंतीला वरपासून खालपर्यंत तडा गेला. भिंत दगडमातीची, वर टिनपत्रे, आणि पत्रे उडू नयेत म्हणून त्यांवर धोंडे. तेव्हापासून गावातल्या बऱ्याच जणांसारखी अक्काही अंगणात झोपत होती. दाजींना ते भित्रेपणाचे वाटे.

मी गेलो तेव्हा दुपार होती. दाजी शेजाऱ्यासोबत ओट्यावर मोबाइल बघत होते.

“इकडं भुई हलून राहिली, आन् टीव्हीवाले तिकडच्या लढाईतले बाम मोजून राहिले,” शेजारी म्हणाला.

“बोअर पाडून पाडून जमिनीची चाळण केली आपण. आवाज येणारच,” दाजी म्हणाले. मग मोबाइल माझ्यापुढे धरला. “हे बघा पत्रकार साहेब, तुमाला पत्ता न्हाई अन् जगाला कळलं.”

व्हिडिओवर ‘वसमत हादरले’ असे लिहिले होते. एक सात-आठ मजली इमारत कोसळत होती. दारात उभी अक्का म्हणाली, “असंच पडंल आपलं.”

मी तो दोनदा पाहिला. दुकानांच्या पाट्या परक्या लिपीत होत्या, गाड्या रस्त्याच्या उजव्या बाजूने धावत होत्या. हा आपल्याकडचा नाही, खोटा आहे, असे मी सांगितले.

दाजींनी मांडीवर थाप मारली. “ऐकलं का? खोटं हाय सगळं.”

“व्हिडिओ खोटा आहे, दाजी. धक्का खरा होता. भिंत बघा.”

“तडा तर उन्हानं बी जातो.”

“उन्हानं?” अक्का म्हणाली. “मंग त्या दिशी चप्पल सोडून काहून पळालात?”

“तू पळाली म्हणून पळालो!”

शेजारी हसला. तेवढ्यात दाजींनी मोबाइल तोंडाजवळ धरून गावाच्या ग्रुपवर बोलून टाकले, “भूकंपाचं खोटं हाय. आमचे पावणे पत्रकार हायत, त्यांनी बराबर तपासून सांगितलं. भिऊ नका.” अंगठे येऊ लागले.

मी त्यांच्याच मोबाइलवरून दुसरा संदेश दिला: व्हिडिओ खोटा, धक्का खरा, तडे गेलेल्या घरात झोपू नका. त्याला एकच उत्तर आले. “आधी एक काय ते ठरवा.”

अक्काला म्हणालो, माझ्याबरोबर हिंगोलीला चल.

“किती दिवस?”

पुढचा धक्का कधी येईल, किती मोठा असेल, हे कोणालाच सांगता येत नाही. तेच तिला सांगितले.

“मंग? आता सगळे आत निजतील आन् मी एकटी अंगणात? गाव हसंल मला, बापू.”

संध्याकाळी तिने बाहेरची बाज आत नेली. मागच्या भिंतीपासून तरी लांब टाक, असे म्हणालो. तिने भिंतीलगतच टाकली. पंख्याचा वारा तिथेच लागतो.