सुमनबाईंचे हरवलेले शब्द

सुमनबाई गेल्याचं त्यांच्या यजमानांनी, अप्पांनीच, फोनवर कळवलं. "सुटली..." एवढंच म्हणाले. मी मुरबाडच्या शाळेत होते. पुढचा तास माझाच होता, पण वर्गात जाववेना.

नव्वदच्या दशकात बाई किन्हवलीत आम्हाला मराठी शिकवत. गोष्ट असो की नाटक, त्याआधी त्या कथानक, पात्र, स्वगत, नेपथ्य हे शब्द उलगडून सांगत. एकदा त्यांनी विचारलं, "संघर्ष म्हणजे काय रे?" सगळे ओरडलो, "मारामारी!" बाई हसल्या. म्हणाल्या, "मारामारीत कुणाचं तरी चुकलेलं असतं. संघर्षात दोघांचंही बरोबर असतं, म्हणून तर तो सुटत नाही."

त्याचा अर्थ मला दहावीच्या पावसाळ्यात कळला. आई अंथरुणाला खिळली आणि बाबांनी माझी शाळा थांबवली. बाई घरी आल्या, ओटीवर टेकल्या. "पोरीनं शिकू नये असं आमी नाय म्हनत, बाई," बाबा म्हणाले, "पन लावणीला हात कोनाचे आनायचे?" बाईंनी वाद घातला नाही. "लावणी होईपर्यंत ठेवा तिला. मग पाठवाल ना?" बाबांनी बाहेरच्या पावसाकडे पाहिलं. म्हणाले, "धाडीन." निघताना बाई मला हळूच म्हणाल्या, "त्यांच्यावर रागावू नकोस गो." लावणी संपेपर्यंत दर रविवारी चिखल तुडवत त्या मला शिकवायला येत राहिल्या. मी मराठीची शिक्षिका झाले ती त्या रविवारांमुळे.

निवृत्तीनंतर बाई शहापूरला राहायला गेल्या आणि काही वर्षांतच त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात गेला आणि शब्दही गेले. समजत सगळं होतं, पण जिभेवर भलताच शब्द यायचा. मी भेटायला गेले होते त्या दुपारी जेवताना ताटाकडे बोट दाखवून त्या म्हणाल्या, "नेपथ्य." अप्पांना कळेना. "नेपथ्य... नेपथ्य..." मी मिठाची वाटी पुढे केली, तशी त्यांनी मान डोलावली. आपण काय बोलून गेलो हे त्यांना उमगलं होतं. आधी हसू फुटलं, मग हसता हसताच डोळे भरून आले. डाव्या हाताने त्यांनी माझं मनगट घट्ट धरलं.

तेव्हापासून जमेल त्या रविवारी मी जात असे. मीठ, पाणी, खिडकी... एकेक शब्द पुन्हा घोकायचो. काही परत आले. माझं नाव मात्र त्यांना शेवटपर्यंत सापडलं नाही. "तू..." म्हणायच्या आणि थांबायच्या. मी नाव सांगितलं की ते ओठांनी जुळवायच्या, पण आवाज फुटत नसे.

दिवसकार्य उरकल्यावर मी अप्पांना भेटायला गेले. घरात ते एकटेच होते. "चहा करू, की सरबत?" त्यांनी विचारलं आणि माझ्या चेहऱ्याकडे पाहत उभे राहिले. समोरच्याला शब्द सापडेपर्यंत थांबायचं, मध्ये बोलायचं नाही, ही बाईंसोबतची इतक्या वर्षांची सवय. मी "चहा" म्हटलं, तरी मी मान डोलावण्याची वाट बघत ते तसेच थांबले होते...