चार वेळा "मान्य"

"पाच मिनिटांत संपव," मॅनेजरसाहेब दारातूनच म्हणाले. "माणूस सगळं कबूल करतोय."

करत होताच. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. तुर्भ्याच्या एका कारखान्यात मी पर्सोनेल ऑफिसर होतो. डोमेस्टिक इन्क्वायरी चालू होती, म्हणजे कंपनीच्या आतलीच छोटी कोर्टकचेरी. आरोप वाचून दाखवायचा, कामगाराचं म्हणणं लिहून घ्यायचं. समोर शेजारच्या शिरवणे गावचा हिराजी, पत्रा ठोकणाऱ्या प्रेसवरचा ऑपरेटर. फोरमनने तीनदा मशीन बंद करायला सांगितलं, याने पाठ फिरवली. सिद्ध झालं की नोकरी गेली.

मी मान खाली घालून वाचत होतो. प्रत्येक आरोपाला तो "हो साहेब" म्हणायचा, मी "मान्य" लिहायचो. चार वेळा लिहिलं. शेवटी पद्धत म्हणून विचारलं, "कुणी मुद्दाम अडकवतंय का?"

"हो साहेब."

"कोण?"

"हो साहेब."

माझं डोकंच फिरलं. हा माझी टर उडवतोय की काय! ओरडणार होतो, तेवढ्यात वडील आठवले. ते नगरकडे चर्चमध्ये पाळक होते. वाटेवर हाका मारणाऱ्या आंधळ्यासाठी येशू थांबला, ही गोष्ट सांगताना त्यांचा सगळा भर "थांबला" यावर असायचा. घाईत असलेल्याला दया करता येत नाही, म्हणायचे. मी रविवार कधी चुकवला नव्हता, पण ही गोष्ट ऑफिसात कधी आणलीही नव्हती.

पेन खाली ठेवलं आणि त्याच्याकडे नीट पाहिलं. तो माझ्या ओठांकडे टक लावून बघत होता.

"हिराजी, ऐकू येतं ना?"

त्याचा चेहरा उतरला. "तुमी वर बघून बोलला का समाजतं. खाली बघून बोलला का कायच नाय."

"मग सांगितलं का नाही?"

"जमीन गेली नव्या शहरात. आता ही नोकरीच हाय. भयरा हाय समाजलं तं ती पन जाईल."

मला स्वतःची लाज वाटली. अर्धा तास मी त्याच्यासमोर बसलो होतो.

साहेबांना सांगितलं. ते म्हणाले, "मग मेडिकली अनफिट दाखव आणि काढ."

"दाखवतो. पण कान कशाने गेले, तेही लिहावं लागेल. बारा वर्षं प्रेसच्या दणदणाटात काम करतोय."

साहेबांनी चष्मा काढून पुसला. "पॅकिंगमध्ये जागा आहे का बघ."

जागा होती. इन्क्वायरी रद्द झाली आणि हिराजी पॅकिंगमधूनच रिटायर झाला. तिथला सुपरवायझर कुरकुरत का होईना, त्याच्यासमोर जाऊन बोलायला शिकला.

चार "मान्य"वाला कागद मी फाडला नाही. माझंच अक्षर होतं ते. प्रार्थना मी आजही डोळे मिटून करतो. इन्क्वायरी मात्र त्यानंतर नेहमी पेनाला टोपण लावून, समोरच्याच्या चेहऱ्याकडे बघतच सुरू केली.