पाण्यातला थर्मामीटर

हॉस्पिटलची ड्युटी संपली की दमलेला मी इंग्लंडमधल्या रीडिंग शहराबाहेरच्या एका ओढ्याकाठी नुसता बसायचो. झऱ्याचं पाणी, थंडगार. तिथे एक म्हातारा गळाने ट्राउट मासे धरायचा आणि सोडून द्यायचा. गळ टाकण्याआधी तो पाण्यात थर्मामीटर बुडवायचा. डॉक्टर मी, आणि ताप बघतोय हा!

त्या वर्षीच्या कडक उन्हाळ्यात एके दिवशी मात्र आकडा पाहून त्याने गळाचा रॉड परत पिशवीत घातला.

"एवढ्या लांब येऊन परत?" मी विचारलं.

"पाणी तापलंय, त्यात प्राणवायू कमी, मासे दमलेत. पण गळाला लागले की दमलेलेही जीव खाऊन झुंजतात. सोडलं तरी पुढे जाऊन मरतात."

तेवढ्यात वॉर्डातून फोन आला. माणूस कमी होता, आणखी एक शिफ्ट करशील का?

"येतो," म्हणालो. म्हणेपर्यंत उभाही राहिलो होतो.