आहेस कुठे?

चहाच्या टपरीवर एका आजोबांनी दुसऱ्या आजोबांच्या पाठीत धपाटा घातला आणि विचारलं, "काय रे, आहेस कुठे?" दुसरे त्यांच्या समोरच उभे होते. तरीही म्हणाले, "आहे की इथेच!" आणि दोघं खोकला येईपर्यंत हसले.

आमच्या मित्रांच्या ग्रुपवर हा प्रश्न आता कुणी विचारत नाही. गेल्या सहलीला सगळ्यांनी एकमेकांना फोनमधल्या नकाशावर लोकेशन देऊन ठेवलं, ते तसंच चालू राहिलं. मी कुठे शिरलो, किती वेळ बसलो, यावर शेरे येतात. "काय, आज पुन्हा मिसळ?" याला हे दीडशहाणे जवळीक म्हणतात. नाक खुपसणाऱ्या शेजाऱ्याला निदान आपल्या दारापर्यंत चालत यावं लागायचं.

मागच्या महिन्यात आईला हॉस्पिटलमध्ये ठेवलं होतं. तीन दिवस माझा ठिपका तिथून हलला नाही आणि एकाचाही फोन आला नाही. नंतर ग्रुपमधला विन्या म्हणाला, "अरे, दिसत होतास की तिथे! वाटलं, असशील काही कामात." हॉस्पिटलात तीन दिवस माणसाला काय काम असतं, हे काही नकाशात लिहून येत नाही.

आजोबांचं हसू ऐकत मी टपरीवरच लोकेशन बंद करून टाकलं.

चौथ्या दिवशी विन्याचा फोन आला. माझा मूर्ख जीव क्षणभर सुखावलासुद्धा.

"अरे, तू दिसत नाहीयेस," तो अगदी काळजीने म्हणाला, "फोन बिघडलाय का तुझा?"